खांबावरचा आस्गर

चिरंजीव आस्गर यास व्हर्नरमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती बरी असावी, सायकल अजून चोरीला गेली नसावी आणि निवडणुकीच्या धावपळीत उतरलेलं अंग पुन्हा भरायला लागलं असावं, अशी आशा करतो. आशाच करावी लागते, कारण तू फोन उचलत नाहीस. मी इथे मजेत आहे. गुडघा तेवढा पश्चिमेचा वारा सुटला की दुखतो, आणि आपल्या मोर्स बेटावर वाऱ्याला दुसरी दिशा ठाऊकच नाही, तेव्हा गुडघ्याबद्दल अधिक लिहीत नाही. पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. गावातली लाल टपालपेटी काढून नेल्यापासून मीही कुणाला पत्र लिहिलेलं नव्हतं. हे शाळेतल्या ग्रेटेच्या जावयाच्या हाती देतोय, तो उद्या सकाळी कोपनहेगनला निघतोय. (आला की त्याला कॉफी दे. बोलायला लागला तर मात्र दुसरा कप देऊ नकोस.) पत्रच का, म्हणशील, तर फोनवर तू मला लांबण लावू देत नाहीस, आणि जे सांगायचं आहे ते लांबण लावल्याशिवाय सांगता येण्यासारखं नाही. त्याच्या अगदी मधोमधचा तुकडा सांगायला मला कायद्याने बंदी आहे. म्हणून मी त्या तुकड्याच्या भोवतीभोवतीने गाडी हाकणार आहे. तू गाडी माझ्याकडेच शिकलास, मी कुठलं वळण टाळतोय ते तुला कळायला हरकत नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आलेला तुझा निरोप मी आधी चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून वाचला. "मामा, आपल्या गावात मला नावानिशी एकच मत पडलं. ते तुझं, हे सांगायला नको. थँक यू. बाबांनी काय केलं तेही आकड्यावरून कळलं. नाताळला मी येत नाही. पुढचंही बघू." बाकी सगळं मी सहन केलं असतं, पण ते 'पुढचंही बघू' मला आवडलं नाही. माझी बहीण बिर्टे, म्हणजे तुझी आई, होती तोवर तुझ्या बापाचं बोलणं ती तुला समजेल असं करून सांगायची आणि तुझं त्याला. ती गेल्यापासून तुम्ही दोघं एकमेकांशी थेट बोलता आणि त्याचा परिणाम सगळा गाव बघतोय. ते मधलं काम आता माझ्या गळ्यात आलंय. मी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. त्या धंद्यात शेजारी बसून वेळेवर "ब्रेक!" म्हणता आलं की पुरतं, फार गोड बोलण्याची सवय लागत नाही. तेव्हा सांभाळून घे.

सुरुवात तुझ्या पोस्टरपासूनच करायला हवी. शनिवारी दुपारचे बारा वाजल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही असा नियम, म्हणून सगळ्या पक्षांची माणसं आपापल्या शिड्या धरून, घड्याळात बघत, भजनाला उभी राहिल्यासारखी उभी होती. तू माझी शिडी घेतलीस आणि सरळ थोर्किल्डच्या, म्हणजे तुझ्या बापाच्याच, कुंपणापाशी निघालास. मी विचारलं, इथेच का रे? तर म्हणालास, पक्षाच्या नकाशात हा खांब मला आलाय. (तो नकाशा मी नंतर पाहिला. त्यात गावातले सगळेच खांब तुला आलेले होते, कारण तुमच्या हिरव्या पक्षाला गावात दुसरा माणूसच नाही.) कामगार पक्षाचा पॉल-एरिक समोरच्या खांबावरून ओरडला, "काय व्हर्नर, म्हातारपणी पक्ष बदललास का?" मी शेतकरी पक्षाचा जुना माणूस, दर निवडणुकीला त्यांच्या वतीने मतदानकेंद्रावर बसणारा, आणि हिरव्यांची शिडी धरून उभा. मी म्हटलं, "शिडी माझी आहे, पोरगा बहिणीचा आहे. पक्षाचं संध्याकाळी बघू." तू वर चढलास, पोस्टर बांधलंस आणि खाली उतरून बापाच्या घराकडे न बघता निघून गेलास. मी मात्र बघितलं. स्वयंपाकघराचा पडदा हलत होता आणि खिडकी बंद होती.

आता त्या खांबाची जागा लक्षात घे. सकाळची कॉफी घेताना तुझा बाप ज्या खुर्चीवर बसतो, तिथून खिडकीतून पूर्वी फक्त फियोर्डच्या खाडीचं पाणी दिसायचं. आता पाण्याच्या आधी तू दिसायला लागलास, आणि तोही सगळे दात दाखवून हसणारा. (फोटो काढणाऱ्याने तुला काय सांगून हसवलं कोण जाणे. घरात तू असा कधी हसल्याचं मला आठवत नाही.) तो खुर्ची फिरवून बसेल असं मला वाटलं होतं. त्याने फिरवली नाही. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. कप तिथेच, टोपी तिथेच, तोंड तुझ्याकडे.

मग ती सभागृहातली जेवणाची सभा झाली. तिथलं तुला माहीत आहे, पण तू व्यासपीठावर होतास आणि मी त्याच्या शेजारी बसलो होतो, त्यामुळे अर्धी सभा तुझ्याकडे आहे आणि अर्धी माझ्याकडे. दर निवडणुकीसारखंच पानात कुरकुरीत तळलेलं डुकराचं मांस, उकडलेले बटाटे आणि पार्सलीचा पांढरा सॉस. मांस तुझ्या बापाच्या गोठ्यातलं, हेही दर निवडणुकीसारखंच. तू बटाटे आणि सॉस खाल्लास आणि मांसाचे तुकडे ताटाच्या कडेला नीट रचून ठेवलेस. ते मी पाहिलं, त्याने पाहिलं आणि वाढणाऱ्या बायकांनीही पाहिलं. मग तू बोललास की फियोर्डचा श्वास कोंडलाय, तळाशी काही जगत नाही, आणि बेटावरची डुकरं निम्मी झाली पाहिजेत. चांगलं बोललास. मला पटलं असं म्हणत नाही, पण माझं मांस थंड झालं, यावरून काय ते समज. तेवढ्यात तो उठला. थोर्किल्ड कधी सभेत उठत नाही. तो म्हणाला, "उमेदवाराला एकच विचारतो. उमेदवार शाळेत जायचा तेव्हा त्याच्या पायातले बूट कुठल्या जनावराच्या जिवावर यायचे?" सगळे हसले. (मीही हसलो. त्याबद्दल तू राग धरलास तर धर.) आणि तू म्हणालास, "डुकरांच्याच, बाबा. पण पोहायला तुम्ही मला याच फियोर्डमध्ये शिकवलंत. आज नुसता पाय बुडवून दाखवा."

मग कुणी हसलं नाही. त्याने टोपी घातली आणि तो घरी गेला. त्याच्या ताटात अर्धं मांस तसंच राहिलं होतं. थोर्किल्ड ताटात टाकून उठला हे मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, बिर्टेच्या दफनानंतरच्या जेवणात. तुला व्यासपीठावरून ताट दिसलं नसणार म्हणून लिहितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन धक्क्यावरून जात होतो (काम काही नव्हतं, गाडीची बॅटरी बसू नये म्हणून जातो), तर तो पोहण्याच्या लाकडी धक्क्याच्या टोकाला उभा. मी गाडी थांबवली आणि जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो. तू लहान असताना या धक्क्याखाली खेकडे पकडायचास, दोरीला मांसाचा तुकडा बांधून. आता पाण्यावर हिरवट साय धरली होती. तो म्हणाला, "वास येतो." मी म्हटलं, "येतो." तेवढंच बोलून तो ट्रॅक्टरवर बसला. आस्गर, तू कोपनहेगनला शिकलेला माणूस आहेस, तिथे माणसं मत बदललं की लेख लिहितात. आमच्याकडे 'वास येतो' एवढंच म्हणतात, आणि तेवढं म्हणायलासुद्धा तुझ्या बापाला रात्रभर जागावं लागलं असणार, कारण त्याचे डोळे मी पाहिले.

आणि आता शिडीची गोष्ट. मतदानाच्या आदल्या आठवड्यात ते वादळ आलं, निम्मे उमेदवार उडून शेतात पडले. (उजव्या, निळ्या आघाडीतल्या एका बाईंचा चेहरा माझ्या कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला. मी तो पुसून परत केला.) सकाळी मी बाहेर पडलो तर थोर्किल्ड त्याच्या कुंपणाशी शिडीवर, हातात पक्कड, आणि तुझं पोस्टर एका बाजूने लोंबतंय. दुसऱ्याचं पोस्टर फाडणं हा गुन्हा, आणि बापाने मुलाचं फाडणं म्हणजे वर्तमानपत्रात फोटो. मी गाडीचा हॉर्न दाबून धरला आणि ओरडलो, "थोर्किल्ड, खाली उतर! पोलीस येतील!" तो वरून म्हणाला, "हॉर्न बंद कर आधी. डुकरं बिथरतात." मग म्हणाला, "वाकडं झालंय." मी म्हटलं, "होऊ दे की वाकडं! तुझ्या पक्षाचं आहे का?" तर म्हणाला, "माझ्या कुंपणापाशी वाकडं काही राहत नाही. आणि ह्या हिरव्या लोकांना साधी गाठ मारता येत नाही. प्लास्टिकच्या पट्टीने कुणी पोरगा बांधतं का?" पोस्टर म्हणायच्या जागी तो पोरगा म्हणाला. त्याने ते गोठ्याच्या दाराला वापरायच्या जाड तारेने बांधलं, खाली उतरला, मागे सरून एक डोळा मिटून पाहिलं आणि पुन्हा वर चढून डावी बाजू बोटभर उचलली. तो म्हणाला, "हे त्याला सांगायचं नाही." मी हो म्हटलं. हे वचन मी आता मोडतोय. वचनं दोन दिली आहेत, आणि त्यातलं एक मोडल्याशिवाय दुसरं पाळता येत नाहीये.

दुसरं वचन मतदानकेंद्रातलं. मंगळवारी मी नेहमीप्रमाणे शाळेच्या व्यायामशाळेत, चढायच्या दोरांखाली, यादी घेऊन बसलो. शेजारी पॉल-एरिक, पलीकडे केंद्रप्रमुख ग्रेटे. (हो, तुझ्या गणिताच्या ग्रेटेबाई. निवृत्त झाल्या, पण आवाज निवृत्त झालेला नाही.) ताजे पाव, चीज, कॉफी आणि ग्रेटेचा तीन थरांचा केक. लोकशाही टिकण्यात त्या केकाचा किती वाटा आहे, यावर कुणीतरी अभ्यास करायला हवा. आम्ही आदल्या दिवशी सही करून देतो की कोण कसं मत देतं याबद्दल जे काही कळेल ते बाहेर बोलणार नाही. गाव एवढंसं, आणि यातल्या निम्म्यांना मी गाडी शिकवलेली. डावीकडे वळायच्या आधी कोण आरशात बघतो आणि कोण नुसता बघितल्यासारखं करतो, हे मला ठाऊक आहे. पण पडदा ओढला की तिथे मी कुणाच्या शेजारच्या सीटवर नसतो. मला ते फार आवडतं. आख्ख्या गावात माणसाला एकटं ठेवणारी तेवढीच जागा उरली आहे.

तो दुपारी आला. स्वच्छ टोपी, दाढी केलेली. नियम असा की कार्ड घेतल्यावर जन्मतारीख विचारायची, मग समोर सख्खा मेहुणा का असेना. मी विचारलं, "जन्मतारीख?" तो म्हणाला, "दर वर्षी केक चापायला येतोस की रे!" मी म्हटलं, "नियम आहे." "मग दर वर्षी काय नियमाने येतोस?" मागे रांगेत हशा. ग्रेटेने चमच्याने कप वाजवला तेव्हा कुठे त्याने तारीख सांगितली. कागद घेऊन तो आत गेला आणि पडदा ओढला. मग बाहेर येईचना. तुला माहीत आहे, मतपत्रिका टॉवेलएवढी लांब असते, सगळे पक्ष आणि त्यांखाली सगळी नावं, फुली पक्षापुढे मारा नाहीतर एखाद्या नावापुढे. पण तुझा बाप जन्मभर एकाच जागी फुली मारणारा माणूस, त्याला ती जागा डोळे मिटून सापडते. रांग दारापर्यंत गेली. ग्रेटे पडद्याबाहेर जाऊन म्हणाली, "थोर्किल्ड, मदत हवी आहे का?" आतून आवाज आला, "पेन्सिल बोथट आहे." "दुसरी देऊ?" "नको. माझ्याजवळ आहे लिहायला." आणखी थोड्या वेळाने तो बाहेर आला, कागदाची घडी पेटीत टाकली, माझ्याकडे न बघता केकचा तुकडा उचलला (तो फक्त कर्मचाऱ्यांसाठी असतो) आणि निघून गेला.

इथपर्यंत जे लिहिलं ते रांगेतल्या कुणीही पाहिलं. यापुढचं मी फार जपून लिहितो.

आठला दारं बंद झाली. टेबलं जोडली, पेटी उपडी केली आणि आम्ही पक्षांचे ढीग लावायला बसलो. मोजता मोजता एक कागद आला. तो कुणाचा हे मी सांगणार नाही, मला माहीत आहे असंही म्हणणार नाही. त्यावर तुझ्या नावापुढे फुली होती. जाड, निळी, मेणासारख्या खडूची. असा खडू डुकराच्या पाठीवर खूण करायला वापरतात. आपल्या गावात डुकरं पाळणारे पाच जण आहेत, तेव्हा यावरून काहीही सिद्ध होत नाही. फुली इतकी सरळ होती की मोजपट्टी ठेवून मारली असावी. आणि फुलीच्या शेजारी त्याच खडूने, मोठ्या छापील अक्षरांत, दोन शब्द लिहिलेले होते. ते मी सांगू शकत नाही.

नियम तुला पाठ असेल, नसला तर उमेदवाराने तो पाठ करावा. फुलीखेरीज कागदावर काहीही लिहिलं, नुसता बदाम काढला तरी मत बाद. पॉल-एरिक, आयुष्यभराचा लाल माणूस, तोच उसळला. म्हणाला, "मतदाराच्या मनात काय आहे ते आंधळ्यालाही दिसतंय! धरा की!" ग्रेटे म्हणाली, "दिसतंय, पण त्याने पुढे लिहिलंय." मग तिने तो कागद माझ्याकडे सरकवला, नियमांचं पुस्तक माझ्याकडे असतं म्हणून. आस्गर, मी परीक्षेला बसलेल्या मुलांना थांबरेषेच्या पुढे चाक गेलं म्हणून नापास होताना पाहिलं आहे, आणि परीक्षक बरोबर होता असंच मी त्यांच्या आईबापांना सांगत आलोय. मी तो कागद पुष्कळ वेळ हातात धरला. मग "बाद" म्हणालो. माझ्याच तोंडून निघालं ते. पॉल-एरिक उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्याने माझ्यासमोर कॉफी ठेवली, आणि बाकीची मोजणी आम्ही पुरी केली.

आपल्या गावचा निकाल तू पाहिलाच आहेस. शेतकरी पक्ष पहिला, दर वेळेसारखा. त्यामागे कामगार पक्ष. मग शेतकरी पक्षातून फुटलेला पक्ष, मग त्या फुटलेल्यातून फुटलेला. मग कर नकोत म्हणणारा पक्ष, ज्याला सगळी तरणी पोरं मत देतात आणि रस्त्यावर खड्डा दिसला की माझ्याकडे तक्रार करतात. धर्मवाल्यांना दोन, त्यात पाद्रीबाईंचं नाही असं त्या स्वतःच सांगतात. आणि तुमच्या हिरव्यांना पाच, त्यातलं नावानिशी तुला एक. देशात तुम्ही संसदेत शिरायची दोन टक्क्यांची वेस कशीबशी ओलांडलीत, त्याबद्दल अभिनंदन. डाव्या लाल बाजूचं पुरत नाही, उजव्या निळ्या बाजूचं पुरत नाही, मधले म्हणतात आम्ही कुणाचेच नाही, आणि ग्रीनलंड आणि फेरो बेटांच्या चार जागांकडे सगळे आशेने बघतायत. सरकार बनेल तेव्हा बनेल. महिनाभर ती माणसं एका खोलीत बसतील आणि 'तुमचं हे मान्य, ते नाही' असं म्हणत म्हणत शेवटी एकत्र बाहेर येतील. त्यांना ते जमतं, कारण त्यांना कुणी दार उघडून बाहेर जाऊ देत नाही.

तू आकडे बघताना फक्त आपल्या नावाची ओळ बघितलीस, असं मला वाटतं. सगळे उमेदवार तेच करतात. पण तो तक्ता सगळ्यांसाठी खुला आहे, त्यात गुप्त काही नाही, तेव्हा मी तुला एवढं सांगू शकतो की तो शेवटपर्यंत खाली वाच. कोऱ्या मतपत्रिका, आणि त्याखाली 'इतर बाद मतं'. त्या ओळीसमोर एकचा आकडा आहे. कोपनहेगनमध्ये बसून माणसाला तो एक म्हणजे कुणीतरी वेडा वाटेल. मी तो हातात धरला होता.

गेले दोन दिवस माझ्या डोक्यात एकच चाललंय. आपण लहान पोरांना शाळेत आणून पडदा, पेटी दाखवतो आणि सांगतो की इथे माणूस मनातलं सांगतो. पण त्या टॉवेलएवढ्या कागदावर 'पण' लिहायला कुठे जागाच नाही. हो म्हणा किंवा दुसऱ्याला हो म्हणा. देश मोजायचा तर तसंच करावं लागणार, ते मला मान्य आहे. घरात मात्र मी अजून एकही माणूस असा पाहिला नाही की जो दुसऱ्याला 'पण'शिवाय हो म्हणतो. बिर्टेने तुझ्या बापाशी लग्न केलं तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून ती म्हणाली होती, चांगला आहे, पण बोलत नाही. आणि त्या 'पण'सकट तिने सगळा जन्म सुखाने काढला. तू एक आकडा वाचून बापाला बाद केलंस. मी एक नियम वाचून एक कागद बाद केला. माझ्याकडे निदान नियम होता.

असो. उपदेश पुरे, हात दुखला. कामं वाढली असतील, झोप घे. राजधानीतले लोक संध्याकाळी नुसती कोशिंबीर खातात असं ऐकतो, तसं करू नकोस. ग्रेटेबाईंनी आठवण सांगितली आहे.

तुझा,
व्हर्नरमामा

ता.क. मुख्य काम राहिलंच. निकालानंतर आठ दिवसांत सगळी पोस्टरं उतरवायची असतात, नाहीतर नगरपालिका काढून नेते आणि खर्च पक्षाच्या माथी मारते. काल तुमच्या पक्षाच्या दोन बाया विजेच्या गाडीतून आल्या होत्या. गावातले सगळे आस्गर त्यांनी गोळा केले, पण कुंपणापाशी तुझा बाप आडवा आला. म्हणाला, ह्याला हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या, खांब सरकारी आहे. तो म्हणाला, तार माझी आहे. मग त्याने त्यांना कॉफी पाजली, घरच्या बीटाच्या लोणच्याची एकेक बरणी दिली आणि सांगितलं, "ज्याने टांगलंय त्याने येऊन उतरवावं." हे वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटलं, म्हणजे ते तुला पोचवायचं होतं. तेव्हा रविवारी ये. शिडी माझ्याकडे आहे, पण आणायची नाही असं त्याने बजावलंय. तो स्वतःची काढणार आहे, आणि धरणारही तोच आहे.

ता.क. दुसरा. ते एक मत माझं नव्हे. तू इतके आभार मानलेस की आधी लिहवेना. मी तुला द्यायचं ठरवून आत गेलो होतो. पण रविवारी सहज फिरायला निघालेली गाडी जशी आपोआप रोजच्या रस्त्याला लागते, तसा हात जुन्या जागी गेला, आणि फुली मारून झाल्यावर मला कळलं. ते मत कुणाचं ते मला खरंच ठाऊक नाही. ग्रेटेबाईंना विचारलं तर त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि केक कापायला गेल्या. तर सारांश असा, की ज्याचे आभार मानलेस त्याने मत दिलं नाही. उरलेलं तुझं तू समज.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. रविवारी जेवायला मीही आहे. तो दुसरं काही शिकलेला नाही, तेव्हा तळलेलं मांस, बटाटे आणि पार्सलीचा सॉसच असेल. तुझ्या ताटात तो बटाटे जास्त वाढेल, ते लक्षात आल्याचं दाखवू नकोस. मग कधीतरी, बहुतेक कॉफीच्या वेळी, खिडकीबाहेरच्या मोकळ्या खांबाकडे बघत तो म्हणेल, "तुझं सगळं पटतं मला. डुकरांचं सोडून." तेव्हा वाद घालू नकोस, हसूही नकोस, आणि माझ्याकडे तर अजिबात बघू नकोस. त्यातले शेवटचे दोन शब्द मी आधी एकदा वाचलेले आहेत.